गंजकी पिकअप घ्यायची की सोडायची: आधी कागद, मग चासी, इंजिन सगळ्यात शेवटी

दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणायच्या हौसेने जुनी पिकअप बघायला गेलेला नवखा माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडायला लावतो. विकणाऱ्यालाही तेच हवं असतं. तो सेल्फ मारतो, इंजिन धडधडायला लागतं, "बघा, एका सेल्फात उठली" म्हणतो, आणि सौदा तिथेच अर्धा होऊन जातो. खरं तर या गाड्यांमध्ये इंजिन हीच सगळ्यात कमी काळजीची गोष्ट. जुन्या महिंद्राचं इंजिन खोलून पुन्हा बांधणारा मिस्त्री आपल्याकडे बहुतेक तालुक्याच्या गावी मिळतो. खाल्लेली चासी आणि अडकलेली आरसी मात्र पैसे ओतूनही सरळ होईलच असं नाही. म्हणून गाडी उलट्या क्रमाने बघायची.

हे सगळं चासीवर वेगळी केबिन आणि मागे हौदा असलेल्या गाड्यांबद्दल आहे: जीपवर बेतलेल्या महिंद्राच्या जुन्या पिकअप, बोलेरो पिकअप, टाटाची २०६ आणि २०७. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) टाटामोबाइल २०६ आणली १९८८ मध्ये. पुढे तिच्याच पायावर सिएरा आणि इस्टेट उभ्या राहिल्या, त्यामुळे हौशी लोकांचा तिच्यावर विशेष जीव. मारुतीच्या ओम्नीसारख्या बिनचासीच्या गाड्यांचा हिशोब वेगळा, तो इथे लावू नका.

पायरी १: जायच्या आधी फोनवर

गाडीचा नंबर मागून घ्या. "या तर खरं, बघू मग" असं उत्तर आलं तर पेट्रोल वाचवा. नंबर मिळाला की एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण नोंदणीची तारीख, वाहनाचा प्रकार, फिटनेस (गाडी रस्त्यावर चालायला योग्य असल्याचा आरटीओचा दाखला) कधी संपला, विमा आहे का आणि कुणाचा बोजा (कर्जाची नोंद) आहे, एवढं कळतं. ई-चलनं वेगळी तपासा.

मग चार प्रश्न. आरसीवर नाव तुमचंच का? मूळ आरसी हातात आहे का? कर्जाचा बोजा उतरवलाय का? आणि गाडीने आयुष्यभर काय वाहिलं? शेवटचा प्रश्न ऐकून विकणारा जरा चक्रावतो. तो का विचारायचा, ते पुढे येईल.

आरसीवर तिसऱ्याच माणसाचं नाव आणि समोरच्याकडे नुसते सह्या केलेले टीटी फॉर्म (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे अर्ज), ही जुन्या पिकअपची नेहमीची अवस्था. गाडी तीन-चार हातांतून फिरलेली असते आणि कुणीच नावावर करून घेतलेली नसते. कायद्याने मालक तोच, ज्याचं नाव नोंदीत आहे. अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही नोंदणीकृत मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. तो मूळ मालक हयात आहे, ओळखपत्र घेऊन आरटीओत यायला तयार आहे, तरच पुढे बोला. वारला असेल तर आधी वारसांच्या नावावर गाडी होऊ द्या, मग तुमच्या. "एजंट करून देतो सगळं" या वाक्यावर एक रुपयाही टोकन देऊ नका.

पायरी २: कागदांचा हिशोब

पिकअप सहसा माल वाहन म्हणून नोंदलेली असते. पिवळी पाटी, काळे आकडे. त्याचे फायदे-तोटे समजून घ्या. एकूण भारासह वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या माल वाहनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिट लागत नाही. लायसन्सचीही अडचण नाही: ७,५०० किलोपर्यंतचं माल वाहन साध्या एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येतं, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पक्कं केलं. पण फिटनेस लागतो. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. गाडी तुम्ही रविवारी फिरवायला ठेवलीत तरी नियम तोच.

फिटनेस संपून किती वर्षं झाली, याला फार महत्त्व आहे. केंद्राच्या नियमात उशिराला दिवसाला ५० रुपये जादा शुल्क आहे. सहा वर्षं शेडात पडलेल्या गाडीचे होतात २,१९० दिवस, म्हणजे १,०९,५०० रुपये. गाडीची किंमत त्याहून कमी असू शकते! महाराष्ट्रात रिक्षावाल्यांनी यावर आंदोलन केलं आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने या वसुलीला स्थगिती दिली. पण स्थगितीच ती. तुम्ही गाडी घ्याल त्या दिवशी काय चालू आहे, हे आरटीओच्या खिडकीवर जाऊन, त्या गाडीचा नंबर सांगून विचारा. थकलेला कर आणि पर्यावरण कर किती, हेही तिथेच कळेल. आपल्याकडे माल वाहनाला आठ वर्षांनंतर आणि खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो.

"खासगी करून घेऊ, पांढरी पाटी लावू" असं पुष्कळ जण बोलता बोलता सांगतात. होईलच असं धरून चालू नका. गाडी आधीच खासगी नोंदलेली असेल तर गोष्ट सोपी. पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणी, मग दर पाच वर्षांनी. तिची फी १ एप्रिल २०२२ ला ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या हलक्या गाड्यांसाठी १०,००० झाली. उशीर झाला असेल तर महिन्याला ५०० रुपये वेगळे.

दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी दिसली तर हुरळू नका. तिकडे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर आधी हरित लवादाने आणि मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातल्यापासून त्या गाड्या इतर राज्यांत येऊ लागल्या. ना हरकत दाखला, इथला कर, नवा नंबर हे सगळं किमतीत धरा. एवढं धरल्यावर स्वस्ताई फारशी उरत नाही.

पायरी ३: चासी नंबर, आणि तोही पेन्सिलने

चासी नंबर चॅनलवर ठोकलेला असतो, बहुतेक गाड्यांत उजव्या बाजूला पुढच्या चाकाजवळ. नेमकी तिथेच चाकाची माती उडते. तारेच्या ब्रशने माती हळूहळू काढा. ग्राइंडर अजिबात लावू नका. आकडे घासले गेले की आरटीओतला निरीक्षक खाडाखोडीचाच संशय घेणार, आणि त्यात त्याची चूक नाही. मग पातळ कागद वर धरून पेन्सिल आडवी घासायची. आकडे कागदावर उमटतात. आरटीओ हाच पेन्सिल प्रिंट मागतं, तर तो आधी तुम्हीच काढून बघा. आरसीशी एकेक अक्षर जुळवा. ३ चा ८ दिसतोय, एखादं अक्षर गंजात गेलंय, बाकीच्या आकड्यांपेक्षा एक आकडा वेगळ्याच हाताने ठोकलेला वाटतोय, यातलं काहीही असेल तर गाडी सोडा. दुसऱ्या गाडीची चासी आणून तिच्यावर हा नंबर ठोकून देतो, असं सांगणारे भेटतील. ते थेट गुन्ह्यात मोडतं.

इंजिन नंबरही बघा. पिकअपमध्ये इंजिनं बदललेली असतात आणि नोंद कुणी केलेली नसते. कलम ५२ खाली ती नोंद लागते.

पायरी ४: गाडीने काय वाहिलं

गंजाचा अर्धा इतिहास इथे सापडतो. मासळी वाहणारी पिकअप सगळ्यात वाईट. बर्फ वितळतो, खारं पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर ठिबकत राहतं, आणि हे रोज, वर्षानुवर्षं. रत्नागिरी, मालवण, अलिबागकडच्या गाडीला शिवाय खारा वारा. अशी गाडी वरून रंगवलेली छान दिसते, पण चॅनलच्या आत हात घातला की गंजाचे पापुद्रे निघतात. खताची गाडी त्याच्या खालोखाल: सांडलेलं खत हवेतली ओल ओढून पत्र्याला चिकटून बसतं. कोंबड्यांच्या गाडीत विष्ठेतला अमोनिया आणि रोजची धुलाई. वाळूच्या गाडीत गंज बेताचा, पण पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दबलेले आणि चासी वाकलेली असण्याची भीती.

त्यापेक्षा कांदा, भाजी, किराणा, मंडपाचं सामान वाहिलेली गाडी बरी. मला विचाराल तर घाटावरच्या कोरड्या गावातली, एकाच शेतकऱ्याने वापरलेली, रंग उडालेली, चेपलेली, कुठेही नवा रंग न लावलेली पिकअप ही पहिली पसंती. ताज्या रंगाची गाडी शेवटची.

पायरी ५: गाडीखाली

जुने कपडे घालून जा. बरोबर टॉर्च, छोटी हातोडी, जाड स्क्रूड्रायव्हर, तारेचा ब्रश, लोहचुंबक, सुतळी, ओळंबा आणि खडू. गाडी जॅकवर उचलून खाली शिरू नका. लोखंडी घोड्या (गाडी तोलून धरणारे टेकू) लावल्या असतील किंवा गॅरेजचा खड्डा असेल तरच खाली जा.

गंज तीन प्रकारचा. पहिला वरवरचा, लालसर भुकटीसारखा. ब्रश मारला की खाली घट्ट लोखंड लागतं. त्याची चिंता नको. दुसरा फोडांचा, पापुद्रे सुटणारा. पापुद्रा काढा आणि उरलेल्या पत्र्याची जाडी शाबूत भागाशी ताडून बघा. तिसरा आरपार. त्यातून स्क्रूड्रायव्हर आत जातो.

हातोडीने चासीच्या दोन्ही लांब चॅनलवर पुढून मागे टकटक करत जा. चांगलं लोखंड खणखणतं, खाल्लेलं भद आवाज करतं. थांबून बघायच्या जागा: पाट्यांचे हँगर आणि शॅकल जिथे चासीला जोडलेत तो भाग, स्टीअरिंग बॉक्सचा माउंट, आडव्या पट्ट्यांचे सांधे, केबिन ज्या रबरांवर बसते त्यांखालचे ब्रॅकेट, आणि जिथे चासी दुहेरी केलीय ती प्रत्येक जागा. ओव्हरलोडसाठी आत दुसरी पट्टी मारलेली असेल तर त्या दोन पट्ट्यांमध्ये पाणी साचतं. तिथे झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि पट्ट्या एकमेकींपासून ढकलतो. कडेने बघितलं की रिव्हेटच्या मधे चॅनल फुगलेला दिसतो. हे दिसलं की आतून खेळ संपलाय असं समजा.

खाली सगळीकडे ताजं काळं कोटिंग मारलेलं असेल तर विक्रेत्याला विचारून दोन-तीन ठिकाणी खरवडा. नाही म्हणाला तर तुम्हीही नाही म्हणा. जळकं ऑइल फासलेलं असेल तर मात्र ते वेगळं. पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल मारायची रीत जुनी आहे, आणि त्याखाली बऱ्याचदा चांगलं लोखंड निघतं.

आता सुतळी आणि ओळंबा. सपाट फरशीवर गाडी उभी करा. चासीवरच्या चार एकसारख्या जागांवरून, म्हणजे पुढच्या दोन हँगर बोल्टांवरून आणि मागच्या दोन हँगर बोल्टांवरून, ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करा. मग दोन्ही कर्ण सुतळीने मोजा. सारखे आले पाहिजेत. मोजण्यातली चूक म्हणून थोडं सोडा. बोटभर फरक आला तर चासी तिरकी आहे. टायर एकाच कडेने खाल्लेले असतील तर शंका पक्की.

यातून काय सोडायचं आणि काय धरायचं? हौदा कितीही सडलेला असो, फिकीर करू नका. हौदा आणि फाळका बॉडीवाला नवा बनवून देतो. आडवी पट्टी एखादी गेली असेल तर चांगला वेल्डर ती बदलतो. पण स्टीअरिंग बॉक्सजवळ किंवा पाट्यांच्या हँगरपाशी आरपार गंज असेल तर प्लेट मारून चालवण्याचा मोह धरू नका. त्या दोन जागांवर तुमचा आणि समोरून येणाऱ्याचा जीव असतो.

पायरी ६: केबिन

ड्रायव्हरच्या पायाखालचं रबर उचला. काचेच्या रबरातून गळणारं पाणी तिथेच साठतं. फ्लोअर गेला असेल तर पत्रा कापून नवा लावता येतो, ते नेहमीचं टिंकरकाम. काचेखालची पट्टी आणि बिजागऱ्यांचे खांब बघा: दार उघडून दोन्ही हातांनी वर-खाली हलवा. बिजागरी झिजली असेल तर खिळा बदलून भागतं, पण खांबच हलत असेल तर काम मोठं.

चुंबक कापडात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेवरून, चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलीय. थोडी लांबी असणारच. तळहाताएवढा भाग लांबीचा निघाला तर त्याखाली पत्रा नाही, असं धरा.

दारं, बॉनेट, कधी कधी अख्खी केबिन जुन्या बाजारात मिळते. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड त्यासाठी प्रसिद्ध. जे मिळतं त्यासाठी रडू नका. दुर्मिळ असतात त्या बारीक गोष्टी: २०६ चे मूळ दिवे, मीटरचा डबा, काचेची रबरं. त्या शाबूत असतील तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

पायरी ७: इंजिन आणि बाकीचं

गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर आधीच चालवून ठेवलीय. थंड होऊ द्या, मग सेल्फ मारा. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडा: भकाभका धूर आणि ऑइलचे शिंतोडे आले तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंग-बोअरचं काम. निळा धूर ऑइलचा, काळा बहुधा नोझल किंवा पंपाचा. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जातंय का बघा. मग ऑइलची काडीही दुधाळ दिसेल.

इंजिन जाम असेल तर घाबरून पळू नका. क्रँकच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावून फिरतंय का बघा. फिरत नसेल तर ते भंगार धरून किंमत लावा. प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या घराण्याचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन महिंद्राच्या इतक्या जीपमध्ये बसलंय की त्याचे जाणकार अजून आहेत. लेथ आणि बोअरिंगच्या कामाला कोल्हापूरचं उद्यमनगर कुणालाही विचारा. २०६ चं १,९४८ सीसीचं इंजिन घ्यायचं असेल तर आधी सुटे भाग कुठे मिळतात हे फोन करून ठरवा, गाडी नंतर.

ब्रेकच्या लोखंडी नळ्या, व्हील सिलिंडर, होज, टायर आणि वायरिंग हे सगळं जाणारच असं लिहून ठेवा, तपासत बसू नका. टायरवरचा चार आकडी अंक तेवढा वाचा: २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी तो टायर जुनाच.

पायरी ८: किंमत

किमतीला तळ असतो: भंगाराचा भाव. गाडीचं रिकामं वजन आरसीवर लिहिलेलं असतं. जवळच्या भंगारवाल्याचा लोखंडाचा किलोचा दर विचारा आणि गुणा. जिची आरसी निघणार नाही, त्या गाडीला याहून एक रुपया जास्त देऊ नका, आणि खरं तर ती घेऊच नका. सुटे भाग काढायला हवी असेल तर नोंदणी रीतसर रद्द करून घ्या.

मग एका कागदावर पाच आकडे लिहा: सरकारी देणं, चासी-टिंकर-रंग, इंजिन-गिअर-ब्रेक, टायर-वायरिंग-काचा, गाडी उचलून आणण्याचं भाडं. दुसरा आणि तिसरा आकडा मिस्त्रीला गाडी दाखवून घ्या, फोटोवरून नाही. रंगाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. जुना रंग उतरवल्यावर त्याखाली काय निघेल, ते पेंटरलाही माहीत नसतं. बेरजेला निम्मी रक्कम आणखी जोडा. तेवढ्यात चांगली चालती पिकअप मिळत असेल तर ती घ्या. असा दुरुस्तीचा प्रोजेक्ट हा पैसे वाचवायचा मार्ग नाही. हाताने काम करायची हौस असेल तरच हा खर्च पटतो.

आणि जागा. उघड्यावर हे काम होत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ग्राइंडर चालवलात तर आठवड्यात सेक्रेटरी दारात. पत्र्याची का होईना, शेड हवी, वीज हवी. दिवाळीनंतर गाडी उघडा आणि मृगाच्या आधी निदान प्राइमर पूर्ण करा. सोललेला पत्रा पावसाळी हवेत रात्रभर उघडा राहिला की सकाळी लाल झालेला असतो, आणि कोकणात तर त्यासाठी पावसाचीही गरज नाही. म्हणून जेवढं एका दिवसात घासून प्राइमर मारता येईल, तेवढंच सोलायचं. मे महिन्यात स्वस्त मिळाली म्हणून आणलेली गाडी चार महिने ताडपत्रीखाली राहणार असेल, तर ऑक्टोबरमध्ये तिची किंमत पुन्हा काढावी लागेल.

छत कापू, चासी वाढवू, मोठं इंजिन टाकू असले बेत असतील तर जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा: कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. हौसेला मर्यादा घाला, नाहीतर फिटनेसला अडकाल.

पायरी ९: सौदा

सगळं पटलं तर टोकन द्या, पण पावतीवर लिहून घ्या की नावावर होण्यात अडचण आली तर टोकन परत. फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाने तुमच्यासमोर सही करावी. बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८. उरलेले पैसे हे कागद हातात आल्यावर, आणि बँकेतूनच.

विमा आणि फिटनेस नसलेली गाडी चालवत घरी आणू नका, "दहाच किलोमीटर तर आहे" असं वाटलं तरी. टोइंगवाल्याच्या गाडीवर चढवून आणा. ताबा पावतीवर तारीख आणि वेळ दोन्ही घाला, म्हणजे त्याआधीचं ई-चलन विकणाऱ्याचं आणि नंतरचं तुमचं. काचेवर जुन्या मालकाचा फास्टॅग असेल तर तो त्याला तिथल्या तिथे बंद करायला लावा. आणि नाव बदलण्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत टाका. गाडी घोड्यांवर उभी असली, चाकं निघालेली असली तरी ही मुदत थांबत नाही.